सचिवांची साक्ष आणि सामान्य वाचक : लोकलेखा समितीच्या अहवालांचे परीक्षण

जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात ज्याने नोकरी केली आहे, त्याला ‘समिती येणार’ या दोन शब्दांचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. जिल्हा परिषदांचा कारभार तपासणाऱ्या विधिमंडळाच्या पंचायत राज समितीच्या दौऱ्याचे पत्र आले की लेखापरीक्षा पुनर्विलोकन अहवालातील प्रलंबित परिच्छेद, म्हणजे निकाली न निघालेले आक्षेप, बाहेर निघतात, कपाटाच्या तळाशी गेलेल्या नस्त्या वर येतात, आणि एरवी तपशिलात न शिरणारे मुख्य कार्यकारी अधिकारी लेखाधिकाऱ्याला समोर बसवून एकेक आकडा समजून घेऊ लागतात, कारण समितीपुढे साक्ष त्यांना स्वतःला द्यायची असते. मी ३१ वर्षे निरनिराळ्या जिल्ह्यांत हे काम केले. साक्षीच्या दालनात मागच्या रांगेत, मांडीवर नस्त्यांचा गठ्ठा घेऊन बसण्याचा प्रसंग तीनदा आला. एरवी साऱ्या जिल्ह्याला खुलासे मागणारा अधिकारी त्या दिवशी स्वतः खुलासा करत असतो आणि त्याच्या आवाजाची पट्टी वेगळी लागलेली असते, हे तिन्ही वेळा जवळून पाहिले.

निवृत्त होऊन कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घरी आल्यावर समजले की हीच प्रक्रिया दिल्लीत, थेट केंद्र सरकारच्या सचिवांच्या बाबतीत कशी चालते, हे कोणालाही एक रुपयाही न देता वाचता येते. संसदेच्या लोकलेखा समितीचे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर आणि जुने अहवाल संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात उपलब्ध आहेत. गेली दोन वर्षे मी ते नियमाने उतरवून घेतो. दर रविवारी सकाळी राज्यसेवा परीक्षेची तयारी करणारे चार विद्यार्थी घरी येतात आणि आम्ही एकेक अहवाल समोर ठेवून दोन तास वाचतो. सरकारी अहवालाचे परीक्षण कशासाठी, असे काही स्नेही विचारतात. माझे उत्तर असे की नळाचे पाणी आणि एस.टी. यांच्याइतकीच हीदेखील आपल्या पैशावर चालणारी सार्वजनिक सेवा आहे, आणि ती कितपत उपयोगी पडते हे वापरणाऱ्याने लिहिलेच पाहिजे.

प्रथम ओळख थोडक्यात करून देतो. लोकलेखा समिती १९२१ साली, म्हणजे माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर अस्तित्वात आली. आज तिचे २२ सदस्य असतात, त्यांपैकी १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे. मंत्र्याला या समितीचे सदस्य होता येत नाही. १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात पडला आणि मिनू मसानी हे त्या प्रघातातले पहिले अध्यक्ष. सरकारी हिशेब तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल राज्यघटनेच्या १५१व्या अनुच्छेदानुसार संसदेपुढे ठेवले जातात, त्यांतील निवडक परिच्छेद समिती तपासते, संबंधित मंत्रालयाच्या सचिवांची साक्ष घेते आणि आपला अहवाल सभागृहाला सादर करते. मंत्रालयवार कामकाज पाहणाऱ्या स्थायी समित्या वेगळ्या. त्या १९९३ साली १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. त्यांचे अहवालही याच ठिकाणी मिळतात, परंतु माझा पिंड लेखाशाखेचा असल्याने मी लोकलेखा समितीपुरतेच लिहितो.

नव्या वाचकाची पहिली चूक अशी होते की तो मूळ अहवाल वाचतो आणि तिथेच थांबतो. मूळ अहवाल महत्त्वाचा असतोच, त्यात लेखापरीक्षकांचा आक्षेप, मंत्रालयाचे म्हणणे, सचिवांच्या साक्षीचा गोषवारा आणि शेवटी समितीच्या शिफारशी असतात. परंतु उत्तरदायित्वाची खरी कसोटी त्यानंतरच्या अहवालात, म्हणजे कार्यवाही अहवालात लागते. शिफारशी सादर झाल्यापासून सहा महिन्यांत मंत्रालयाने प्रत्येक शिफारशीवर काय केले हे कळवायचे असते, आणि ती उत्तरे तपासून समिती दुसरा अहवाल देते. या दुसऱ्या अहवालाची पाच प्रकरणांची रचना ठरलेली आहे. पहिल्या प्रकरणात समितीचे भाष्य येते, दुसऱ्यात सरकारने स्वीकारलेल्या शिफारशी, तिसऱ्यात उत्तर पाहून समितीने सोडून दिलेल्या बाबी, चौथ्यात समितीला मान्य न झालेली उत्तरे आणि पाचव्यात अंतरिम, अर्थात अपुरी उत्तरे. आमच्या रविवारच्या बैठकीत आम्ही चौथ्या प्रकरणापासून सुरुवात करतो. तिथे समिती ‘आम्ही आमची शिफारस पुन्हा करीत आहोत’ असे लिहिते, आणि त्या वाक्याच्या अलीकडे-पलीकडे मंत्रालय कुठे अडले आहे हे दिसते. पाचवे प्रकरण जाड असेल तर त्या खात्याने सहा महिन्यांत फारसे काही हातावेगळे केलेले नाही, असा सरळ अर्थ लावायला हरकत नाही.

या उत्तरांच्या भाषेवर थोडे थांबले पाहिजे. ‘नोंद घेण्यात आली आहे’, ‘आवश्यक त्या सूचना निर्गमित करण्यात आल्या आहेत’, ‘बाब विचाराधीन आहे’, ‘पुनरावृत्ती होणार नाही याची दक्षता घेण्यात येईल’ ही वाक्ये मी स्वतः शेकडो वेळा अनुपालनात, म्हणजे आक्षेपांना द्यायच्या उत्तरांत, लिहिली आहेत. त्यामुळे ती वाचताना त्यांच्यामागची खोली, टेबल आणि घाई मला दिसते. ‘सूचना निर्गमित केल्या’ म्हणजे एक परिपत्रक निघाले. ते तालुक्याला पोहोचले का, कोणी उघडले का, त्याप्रमाणे एक तरी देयक थांबले का, हे त्या वाक्यात नसते. चांगली समिती नेमके तेच विचारते. परिपत्रकाची प्रत मागते, त्यानंतरची आकडेवारी मागते, आणि आकडेवारी आली नाही तर तसे स्पष्ट नोंदवते. असे प्रतिप्रश्न जिथे जिथे छापलेले आहेत तिथे हे अहवाल उत्कृष्ट आहेत, आणि विद्यार्थ्यांना प्रशासनाची भाषा उलगडून दाखवायला यापेक्षा चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही.

एक उदाहरण देतो, कारण ते प्रत्येक करदात्याला आपले वाटेल. आयकराचा परतावा उशिरा मिळाला की त्यावर व्याज मिळते. ही रक्कम देशभरात दरवर्षी हजारो कोटींच्या घरात जाते. राज्यघटनेच्या ११४व्या अनुच्छेदानुसार संसदेने विनियोजन कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, पैसा काढता येत नाही. असे असताना हे व्याज अर्थसंकल्पात खर्च म्हणून न मागता एकूण महसुलातून परताव्याबरोबरच वजा करून टाकण्याची पद्धत महसूल विभागाने चालवली. महालेखापरीक्षकांनी वर्षामागून वर्षे आक्षेप घेतला. कर परत करणे म्हणजे ज्याचे त्याला देणे, परंतु व्याज हा सरकारचा खर्च आहे आणि खर्चाला संसदेची मंजुरी हवी, असा तो आक्षेप. लोकलेखा समितीने लेखापरीक्षकांचे म्हणणे उचलून धरले आणि विभागाने आपला युक्तिवाद सोडला नाही. हा वाद वाचताना आमच्यातल्या एका विद्यार्थ्याने विचारले की रक्कम तर योग्य माणसाला मिळाली, मग बिघडले कुठे? त्या एका प्रश्नावर आमची अख्खी सकाळ गेली. पैसा योग्य हातात गेला तरी तो कोणाच्या परवानगीने गेला हा प्रश्न उरतोच, आणि तो विचारण्यासाठीच ही समिती आहे, हे त्या दिवशी त्या मुलाला पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा अधिक पक्के समजले असावे.

आता मूळ मुद्दा. समितीपुढे मंत्री का बसत नाहीत, सचिवच का बसतात? लोकसभा अध्यक्षांच्या निर्देशांप्रमाणे वित्तीय समित्या मंत्र्यांना साक्षीसाठी बोलावत नाहीत. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील ७०वा नियम सचिवाला त्या मंत्रालयाचा मुख्य लेखा प्राधिकारी ठरवतो, त्याच्यावर वित्तीय व्यवस्थापनाची जबाबदारी टाकतो, आणि लोकलेखा समितीपुढे व इतर संसदीय समित्यांपुढे तपासणीसाठी हजर राहणे हे त्याचे कर्तव्य म्हणून स्वतंत्रपणे नमूद करतो. पदनाम मोठे आहे, तितकीच जोखीमही मोठी असली पाहिजे, असा या नियमाचा रोख आहे.

ही कल्पना ब्रिटनमधून आली. तिथे लोकलेखा समिती १८६१ साली स्थापन झाली आणि १८६६च्या कायद्याने लेखापरीक्षणाची चौकट पक्की झाली. तिथला नियम दोन पदरी आहे. इतर समित्यांपुढे सनदी अधिकारी मंत्र्यांच्या वतीने बोलतो. १९८० साली एडवर्ड ऑस्मदर्ली या अधिकाऱ्याने तयार केलेल्या आणि त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमावलीत हे तपशिलाने सांगितले आहे. परंतु खात्याचा लेखा अधिकारी, जो सहसा त्या खात्याचा सर्वोच्च सनदी अधिकारी असतो, तो लोकलेखा समितीला व्यक्तिशः जबाबदार असतो. मंत्र्याचा एखादा आदेश पैशाच्या दृष्टीने अनुचित वाटला तर तो मंत्र्याकडे लेखी निर्देश मागतो. निर्देश मिळाला की तो पाळतो, मात्र त्याची प्रत महालेखापरीक्षकांकडे जाते आणि असे निर्देश आता प्रसिद्धही केले जातात. आपल्याकडे अखिल भारतीय सेवांच्या १९६८च्या वर्तणूक नियमांत वरिष्ठांचा तोंडी आदेश लेखी करून घेण्याची तरतूद आहे, पण तो कागद नस्तीत राहतो. माहितीच्या अधिकारात कोणी मागितला तरच बाहेर येतो. माझ्या मते आपल्या अहवालांची सर्वांत मोठी उणीव इथून सुरू होते. सचिव समितीपुढे उत्तर देतो, परंतु निर्णय त्याचा होता की त्याच्यावर लादलेला होता, हे वाचकाला अहवालातून कळण्याची सोय नाही.

मंत्री आणि सचिव यांच्यामधली ही रेषा आपल्याकडे एकदा जाहीरपणे तपासली गेली होती. आयुर्विमा महामंडळाने उद्योजक हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांचे समभाग घेतल्याच्या प्रकरणी न्या. एम. सी. छागला यांच्या आयोगाने १९५८ साली मुंबईत उघड सुनावणी घेतली. वित्त विभागाचे प्रधान सचिव एच. एम. पटेल आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी या दोघांचीही साक्ष झाली. सचिवाने आपल्या संमतीशिवाय व्यवहार केला, ही मंत्र्यांची भूमिका छागला यांनी मान्य केली नाही. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यालाच घ्यावी लागते असे त्यांनी म्हटले आणि कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. तो आयोग होता, संसदीय समिती नव्हे, हा फरक विसरता येणार नाही. तरीही तिथे दोन्ही माणसे लोकांसमोर बोलली आणि लोकांना आपापले मत बनवता आले, म्हणून आजही त्या प्रकरणाकडे परत जाता येते.

आमच्या गटातल्या एका मुलीने एकदा अहवालाच्या शेवटी जोडलेल्या बैठकीच्या कार्यवृत्तातील साक्षीदारांची यादी वाचून विचारले, “सर, हे सचिव त्या वेळी तिथेच होते का?” प्रश्न साधा होता आणि मी चपापलो. लेखापरीक्षणाचा आक्षेप ज्या वर्षांचा असतो, त्यानंतर महालेखापरीक्षकांचा अहवाल, मग समितीची निवड, मग साक्ष, असा काळ जातो. तोवर निर्णय घेणारा अधिकारी बदलून गेलेला असतो, बहुधा निवृत्तही झालेला असतो, आणि खुर्चीवर नव्याने आलेला अधिकारी ज्या व्यवहाराशी त्याचा संबंध नव्हता त्याबद्दल विनम्रपणे खुलासा करतो. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला समितीची मुदतही एकच वर्ष असते. म्हणजे विचारणारे बदलतात आणि सांगणारेही बदलतात, कायम राहतो तो फक्त परिच्छेद क्रमांक. माझ्या नोकरीतही मी हेच पाहिले. एका जिल्ह्यात पाणीपुरवठ्याच्या एका योजनेच्या आगाऊ रकमेचा आक्षेप होता आणि ज्यांनी साक्ष दिली त्या साहेबांनी ती योजना पाहिलेलीही नव्हती. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही, पण त्या दिवशी कोणीही कशालाही जबाबदार ठरले नाही. ब्रिटनच्या समितीने त्या काळात पदावर असलेल्या माजी अधिकाऱ्यांना परत बोलावल्याची उदाहरणे आहेत. आपल्या समितीलाही लोकसभेच्या २७०व्या नियमाने व्यक्ती, कागदपत्रे आणि अभिलेख मागवण्याचा अधिकार दिलेला आहे. राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधा येईल या कारणावरून सरकार एखादा दस्तऐवज देण्यास नकार देऊ शकते, एवढाच अपवाद. अधिकार आहे, तेव्हा तो ‘त्या वेळचा अधिकारी’ बोलावण्यासाठी अधिक वेळा वापरला गेला तर या अहवालांचे मोल दुप्पट होईल.

दुसरी उणीव वाचकाला प्रत्येक कार्यवृत्ताच्या शेवटी भेटते. तिथे लिहिलेले असते की बैठकीच्या शब्दशः कार्यवाहीची प्रत अभिलेखात ठेवली आहे. अभिलेखात, म्हणजे आपल्यापुढे नाही. समितीच्या बैठका बंद दाराआड होतात, त्यांचे प्रक्षेपण होत नाही, आणि अहवालात येतो तो साक्षीचा निवडक भाग. बंद दाराच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो तो मी हलक्याने घेत नाही. कॅमेरा नसला की सदस्य पक्षाचा अंगरखा बाहेर ठेवून बसतात आणि अधिकारीही मोकळेपणाने बोलतो; या समितीत भिन्नमतपत्रिका जोडण्याची पद्धत नाही आणि अहवाल एकमताने देण्याची परंपरा आहे, तीही या शांततेमुळेच टिकली असे म्हणता येईल. परंतु दार बंद असल्याने एकोपा राहीलच असेही नाही. मुरली मनोहर जोशी अध्यक्ष असताना २०११ साली टू-जी स्पेक्ट्रमच्या मसुदा अहवालावरून समितीत उघड फूट पडली आणि तो अहवाल मान्य होऊ शकला नाही. शिवाय अध्यक्षांच्या ५८व्या निर्देशानुसार साक्षीदाराला सुरुवातीलाच सांगितले जाते की त्याने विशेष विनंती केली नाही तर त्याची साक्ष सार्वजनिक समजली जाईल आणि प्रसिद्ध होऊ शकेल. निर्देशातच प्रसिद्धीचा मार्ग मोकळा ठेवलेला आहे. ब्रिटनमध्ये समितीपुढची साक्ष थेट पाहता येते आणि तिचा शब्दशः वृत्तांत छापला जातो. इतके लगेच नको, पण अहवाल सभागृहापुढे ठेवल्यानंतर शब्दशः साक्ष वाचायला मिळायला हवी, असे माझे ठाम मत आहे. कोणत्या प्रश्नावर सचिव थांबले, कोणत्या प्रश्नावर त्यांनी ‘माहिती घेऊन कळवतो’ म्हटले आणि ती माहिती पुढे आली का, हे गोषवाऱ्यातून कधीच कळत नाही.

भाषेचा मुद्दा राहिला. अहवाल इंग्रजी आणि हिंदीत असतात. महाराष्ट्र विधिमंडळाच्या समित्यांचे अहवाल मराठीत असतात, त्यामुळे आमच्याकडच्या विद्यार्थ्याला आधी तिथले लोकलेखा किंवा पंचायत राज समितीचे दोन अहवाल वाचायला देऊन मग संसदेच्या अहवालाकडे न्यावे, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे. परिभाषा एकदा मराठीतून अंगवळणी पडली की इंग्रजी अवघड जात नाही. पडद्यावर शंभर पाने वाचणे माझ्या डोळ्यांना झेपत नाही, म्हणून मी दोन्ही बाजूंनी छापून स्पायरल करून घेतो. एका अहवालाला साधारण दीडशे रुपये लागतात. बांधणीआधी पाने मोजून घ्यावीत. एका दुकानात माझ्या प्रतीतून कार्यवृत्ताची पाने गळाली होती, आणि साक्षीदारांची यादी नेमकी तिथेच असते. कोल्हापुरात १८५० सालापासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर आहे, विद्यापीठाचे मोठे ग्रंथालय आहे. अशा ठिकाणी वर्षाला निवडक दहा अहवाल छापील स्वरूपात ठेवले गेले तर स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरलेल्या या शहरात ते पडून राहणार नाहीत.

गुण द्यायचे झाल्यास उपलब्धतेला मी पूर्ण गुण देईन, रचनेलाही जवळजवळ पूर्ण. अधिकाऱ्याला प्रश्न विचारला गेला हे कळण्यापुरते हे अहवाल विश्वसनीय आहेत. त्या अधिकाऱ्याने नेमके काय सांगितले आणि जबाबदारी कोणाची ठरली हे कळण्यासाठी मात्र ते निम्म्या वाटेवर थांबतात, म्हणून पाचपैकी साडेतीन. लेखा विभागातील नोकरदार, पत्रकार, वकील आणि परीक्षार्थी यांनी ते जरूर वाचावेत. ज्यांना कोणाला शिक्षा झाली एवढेच पाहायचे आहे त्यांची निराशा होईल, कारण समितीला शिफारस करता येते, शिक्षा देता येत नाही.

आमच्या चार विद्यार्थ्यांनी मिळून लोकसभा सचिवालयाला एक पत्र लिहिले आहे. अहवाल सादर झाल्यावर शब्दशः साक्ष प्रसिद्ध करावी आणि साक्षीदारांच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे तो त्या पदावर कोणत्या तारखेपासून आहे हे छापावे, अशा दोन विनंत्या त्यात आहेत. दुसरी विनंती त्या मुलीने सुचवलेली. मसुदा मी फक्त शुद्धलेखनापुरता पाहिला. मागच्या सोमवारी ते पत्र स्पीड पोस्टाने गेले, आणि येत्या रविवारी आम्ही पुढच्या अहवालाचे चौथे प्रकरण उघडणार आहोत.